वेशीतला ओटा

१९ फेब्रुवारी १९४०

रागानं लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं येतंय. येऊ दे. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही.

अंबडहून बदली होऊन मला या कसब्यात आठवडा झाला. गाव तटाच्या आत, आणि मुलींची सरकारी शाळा तटाबाहेर, ओढ्याच्या काठी, पत्र्याच्या जुन्या गोदामात. मधे ही वेस. काळ्या दगडाची, अंबारीसकट हत्ती जाईल एवढी उंच. आत शिरलं की दोन्ही अंगांना दगडी ओटे, आणि भर उन्हातही माठाजवळ बसल्यासारखा गारवा. गावातली मोठी माणसं सकाळीच येऊन तिथं बसतात. इतके दिवस मी उजाडता उजाडता शाळेत जात होते, तेव्हा वेस रिकामी असायची. आज चूल पेटता पेटेना, उशीर झाला.

वेशीत पाऊल टाकलं आणि बोलणी थांबली. बद्रीनाथराव देशमुख मधोमध बसलेले. ते माझ्याशी बोलले नाहीत. शेजारच्या कडूबा तेल्याला म्हणाले, "त्या बाईला सांगा, वेशीत बाईमाणसानं पायातलं काढून हातात घ्यावं लागतं."

मी समोर उभी. तरी कडूबानं तेच वाक्य मला पुन्हा सांगितलं, जणू मला मराठी कळत नाही.

मी विचारलं, का म्हणून. देशमुखांनी मान वर करून कमानीतला शिलालेख दाखवला. फारसी आहे म्हणे. दगडातच तसं लिहिलंय म्हणे. मी विचारलं, "तुम्ही वाचलंय?"

"आमच्या आज्यानं वाचलं व्हतं."

मी चपलांसकट वेस ओलांडली. मागून कुणीतरी घसा खाकरला. शाळेत पोचले तरी कानशिलं तापलेलीच होती. मोडी, बाळबोध, उर्दू, तिन्ही अक्षरं मला येतात, फक्त ती उंचावरची गुंतलेली फारसी खालून लागेना; आणि ज्यांना स्वतःलाही तो दगड वाचता येत नाही ती माणसं मला दगड दाखवतात.

२१ फेब्रुवारी

झुंबरबाईंनी आज विषय काढलाच. या माझ्या घरमालकीण. एकट्या राहतात, मुलगी वाटूरकडे दिलेली. बोलणं कमी आणि तेही बोचरं. म्हणाल्या, "दोन पावलं अनवाणी चाललं म्हणून पाय झिजत न्हाईत. शाळा चालवायला आलीस का चपला?"

मला वाटलं होतं, बाई आहे, बाईची बाजू घेईल. कसलं काय. स्वतः या बाई वेशीतून जातच नाहीत. ओढ्यावर जायचं तर तटाला मागच्या अंगानं भगदाड पडलंय, तिथून बाभळीच्या काट्यांतून, पाटी डोक्यावर घेऊन, एवढा वळसा घालून जातात. का, विचारलं तर म्हणाल्या, "मला न्हाई त्या वेशीचं तोंड बघायचं." शाळेचा चपरासी चांदपाशा सांगत होता, तो इथं नोकरीला लागला तेव्हापासून असंच आहे. इतकं भित्रं माणूस मी पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत त्या म्हाताऱ्यांसमोरून एकदा जायची हिंमत झाली नाही, आणि मला शहाणपण शिकवतात.

२२ फेब्रुवारी

चपला घालूनच गेले. आलेही तशीच.

२७ फेब्रुवारी

वर्ग रिकामा व्हायला लागलाय. परवा वाण्याच्या मुली आल्या नाहीत, काल सुताराच्या. आज कडूबा तेली स्वतः लेकीला, सोनूला, न्यायला आला. सोनू वर्गातली सगळ्यांत चलाख मुलगी, वजाबाकी बोटं न मोडता करते. तो दारातच घुटमळला. शेवटी म्हणाला की देशमुखांच्या वाड्याच्या जिवावर त्याची घाणी चालते, करडई तिथूनच येते, आणि वेशीत काल सगळ्यांसमोर ठरलं की जिला रीत माहीत नाही तिच्याकडे लेकी पाठवायच्या नाहीत. बोलताना सारखा पत्र्याकडे बघत होता. सोनू पाटी घट्ट धरून उभी. त्यानं ती तिच्या हातातून काढून माझ्या टेबलावर ठेवली. पाटी सरकारी आहे ना. प्रामाणिक माणूस.

मला त्याला फाडून खावंसं वाटलं, आणि मी म्हणाले काय? "बरं."

४ मार्च

आज काढल्या चपला.

चांदपाशानं काल हिशेबी माणसासारखं समजावलं होतं. मुली नसल्या की मदरसा, म्हणजे ही शाळा, बंद; मदरसा बंद की त्याची नोकरी गेली, माझी बदली, आणि या पोरी पुन्हा शेण वेचायला. झुंबरबाईंनी ते ऐकलं. नुसती भाकर उलटली.

तेव्हा सकाळी वेशीच्या अलीकडे थांबले, वाकले, चपला काढून हातात घेतल्या आणि त्या सगळ्यांसमोरून चालत गेले. आत दगड गार होता, बाहेर पडल्यावर फुफाटा लागला. देशमुखांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कापसाच्या भावाचं चाललं होतं, तेच पुढं चालू ठेवलं. हसले असते तर बरं झालं असतं. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली त्या दिवशी तोही असाच माझ्याकडे न बघता जेवत होता. "मीठ दे" म्हणाला होता. मी दिलं होतं.

मी दिलं होतं, हेच मला सोसवत नाही.

११ मार्च

मुली परत आल्या. सगळ्या.

सोनूला तिच्या बापानं नव्या वहाणा आणल्यात, काट्यासाठी. आज ती माझ्या पुढं चालत होती. वेस आली तशी कुणी न सांगता खाली बसली, वहाणा काढल्या, हातात धरल्या आणि मागं वळून माझ्याकडे बघितलं. बरोबर केलं ना बाई, असं. मी मान हलवली.

आज दिवसभर मी मुलींवर उगाच ओरडले.

१८ मार्च

औरंगाबादला अर्ज पाठवला. मुलींच्या शाळांच्या मोहतमिम, म्हणजे मोठ्या तपासनीस, शहाजादी बेगम यांना. आम्ही ट्रेनिंगला होतो तेव्हा त्या आम्हाला शिकवायच्या. सगळं लिहिलं, नावं घालून. उर्दूत राग लिहिता येतो, पण तो फार सभ्य दिसतो. काही होईल असं वाटत नाही.

२ एप्रिल

आज बेगमसाहेबा येऊन गेल्या. मी त्यांच्या भरवशावर बसले होते ही माझी चूक.

सकाळी अंबडच्या रस्त्यानं पडदे सोडलेला टांगा आला. त्याच्या आधी चांदपाशा पळत वेशीत गेला आणि म्हणाला की बेगमसाहेबांचा कडक गोशा आहे, त्या इथं उतरून शिलालेख बघणार आहेत, तेव्हा सगळ्या पुरुषांनी उठावं. सरकारी बाई, सुभेदारांच्या नात्यातली. देशमुखांना उठावं लागलं. सगळे तटाबाहेर उन्हात जाऊन पाठमोरे उभे राहिले. देशमुखांच्या डोक्यावर कुणीतरी छत्री धरली.

गोशा. औरंगाबादला हीच बाई उघड्या तोंडानं कारकुनांच्या समोर बसून चहा प्यायची, पुरुष इन्स्पेक्टरांशी हुज्जत घालायची. चार वर्षांत मी तिचा बुरखा कधी पाहिला नाही. आणि नेमकं इथं, जिथं मी अर्ज केलाय की बायकांना माणसासारखं चालू द्या, तिथं येऊन यांना गोशा आठवला. मला इतकी लाज वाटली.

त्या टांग्यातून उतरल्या, पायात मखमली जोडे तसेच, आणि देशमुखांच्या ओट्यावर, नेमक्या त्यांच्या जागी बसल्या. बसून बसून तो दगड तिथं गुळगुळीत झालाय. बुरखा वर केला. मला म्हणाल्या, "बैठो उस्तानी."

मी म्हणाले, मी उभीच बरी.

"बैठो. जल्दी क्या है?"

बसले. पहिल्यांदाच बसले तिथं. त्यांनी वर शिलालेखाकडे बघितलं. माझा जीव कानात आला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सन है, और किसी का नाम. बाकी सब घिस गया."

मी विचारलं, बायकांच्या चपलांबद्दल काही आहे का. त्या म्हणाल्या, "जो घिस गया वो मैं कैसे पढूँ?"

झालं. एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. मला वाटलं आता उठतील, बाहेर जाऊन देशमुखांना खडसावतील. नाव नको. पानाचा डबा काढला. पाणी मागवलं. मुलींना शाळेतून इथंच बोलावलं आणि ओट्यावर बसवून एकेकीला वाचायला लावलं. सोनूला त्रैराशिक घातलं. तिनं सोडवलं तशी स्वतःच्या डब्यातली सुपारी दिली. उन्हं चढली. पुरुष बाहेर आपले उभेच. मी दोनदा म्हणाले, साहेबा, शाळा बघायला चलायचं ना? तर म्हणाल्या, बघितली मघाशी टांग्यातून.

माझ्या अर्जाबद्दल एक अक्षर नाही. निघताना बुरखा खाली ओढत काय म्हणाल्या ते लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी मला या बाईबद्दल आदर वाटायला लागला तर वाचता येईल. "उस्तानी, ये जगह बड़ी ठंडी है. तुम्हारा टीन का मदरसा तो तंदूर है. और तुम्हारे गाँव के मर्द बड़े शरीफ़ हैं. एक औरत बैठी, सब उठ गए."

मी न्याय मागितला आणि ही बाई गावच्या पुरुषांची स्तुती करून गेली. हसत होती वर.

३ एप्रिल

देशमुखांना उन्हात उभं राहावं लागलं त्याचा राग माझ्यावर निघाला. अर्ज मीच केला होता हे त्यांना कळलंय. वेशीत बसून सगळ्यांना सांगितलं की आता ही बाई चपला डोक्यावर घेऊन गेली तरी या गावची एकही लेक तिच्याकडे जाणार नाही. कुणीतरी शिलालेखाचं विचारलं, की बेगमनं वाचला तर त्यात तसं काही नाही म्हणे. ते म्हणाले, "जे झिजलं, त्याच्यातच लिहिलेलं व्हतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणे. म्हणूनच मला हसू येत नाही.

आज शाळेत मी, चांदपाशा आणि पत्र्यावरची कबुतरं.

५ एप्रिल

काल रात्रभर तळमळले आणि पहाटे एकदम सुचलं. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालं, याचा मला अभिमान आहे.

म्हातारे यायच्या आधीच जाऊन मी वेशीत ओट्यावर बसले. चपला पायात. देशमुखांच्या जागेवर बसले आणि पाट्या पुसायला घेतल्या. एकेक जण आला. आधी पुंजाराम सोनार. मला बघितलं, थबकला, समोरच्या ओट्याकडे गेला, तिथं मी पाट्यांचा गठ्ठा पसरून ठेवला होता. थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. परक्या बाईच्या शेजारी बसायचं कसं? आणि बाईला हात धरून उठवायचं कसं? सगळ्यांचं तेच झालं.

देशमुख आले. आज पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले. "मास्तरीणबाई, ही बसायची जागा न्हाई तुमची."

मी म्हणाले, "शाळेत पोरी येत न्हाईत. मंग म्या तिथं बसून काय करू? इथं बसते. पोरी येता-जाता तर दिसतील."

"लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. खूप दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे असं बघितलं. मग काठी टेकत मारुतीच्या पारावर गेले. तिथला पिंपळ मागंच वठलाय, सावली नाही.

दिवसभर बसले. एकटी. तहान लागली तरी उठले नाही, उठले की जागा गेली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पदर तोंडावर ओढून, वहाणा हातात घेऊन, माझ्यासमोरूनच लगबगीनं जायच्या. म्हातारे नव्हते तरीही. त्यांचाही राग आला. सगळ्यांत जास्त त्यांचाच आला.

६ एप्रिल

झुंबरबाई आल्या.

मी बसले होते, तोंड कोरडं पडलेलं. गावाच्या अंगानं त्या येताना दिसल्या, कमरेवर कळशी. मला वाटलं ओरडायला येतायत. वेशीच्या तोंडाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मी म्हटलं, हे भित्रं माणूस आता मागं फिरणार. मग आत आल्या. भिंतीला हात लावत लावत, आंधळ्यानं चालावं तशा. पायात वहाणा होत्या. जुनाट, कातडं वाळून कडक झालेल्या, कधी वापरलेल्याच नसाव्यात. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "सरक."

मी सरकले. त्या बसल्या, कळशी खाली ठेवली, मला पाणी दिलं. निम्मं माझ्या पदरावर सांडलं, वय झालंय. मी म्हणाले, आज कसं काय वेशीतून? तर म्हणाल्या, "ह्या वहाणा लग्नात मायनं दिल्या. वेशीतून आत आले तवा सासऱ्यानं काढून घेतल्या न् फेकल्या तटावरून. म्या गेल्ते मागं हुडकायला." मी म्हणाले, एवढ्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसायचं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पदरातनं शेंगदाणे काढून दिले.

दुपारपर्यंत त्यांच्या गल्लीतल्या दोघी-तिघी आल्या, झुंबरबाई का बसल्यात ते बघायला. आल्या त्या बसल्या. गार लागतं ना. गार लागलं की माणूस बसतं.

९ एप्रिल

सोनू आली. बापानं पाठवली नाही. घाण्यावरून पेंडीची ढेप घेऊन जात होती, ढेप खाली ठेवली आणि बसली. मी पाटी दिली.

कडूबा तिला शोधत आला. वेशीत बघतो तर त्याची बायको आधीच बसलेली. तो तसाच परत गेला.

१२ एप्रिल

चांदपाशानं फळा आणला, दोऱ्यांनी बांधून पाठीवर. कमानीच्या भिंतीला टेकवून ठेवला. आता मुली इथंच येतात. एका ओट्यावर मुली, दुसऱ्यावर बायका डाळ निवडत. पुरुष गाड्या हाकत जातात ते खाली मान घालून. बायकांनी पायातलं काढायचं कधी बंद केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. काढायचं कुणासमोर? समोर कुणी बसलेलंच नाही.

मला समाधान वाटायला हवं. पण मुलींना मुळाक्षरं गिरवायला लावताना मनात अजून भांडण चालूच असतं, त्या म्हाताऱ्याशी, नवऱ्याशी, बेगमशी. तोंडानं "ग, गवत" म्हणते आणि आत दात खाते.

२० एप्रिल

देशमुखांनी अंबडला तहसिलीत आणि औरंगाबादला, दोन्हीकडे दरख्वास्त केली होती, की उस्तानी सरकारी शाळा सोडून रस्त्यात बसते. आज औरंगाबादहून हुकूम आला. चांदपाशा अंबडहून घेऊन आला आणि त्यानंच वाचून दाखवला. मदरशाची इमारत उन्हाळ्यात मुलींच्या प्रकृतीला अपायकारक असल्याचं मोहतमिम साहेबांनी मौक्यावर पाहिलं आहे, सबब दुरुस्ती होईपर्यंत वर्ग वेशीत भरवण्यास मंजुरी. खाली शहाजादी बेगमची सही.

नशीब. कारकुनानं समोर ठेवलं असेल आणि बाईनं पान चघळत न वाचता सही केली असेल. मी एवढी लढले, आणि कागदावर कारण काय, तर पत्रा तापतो. माझा अर्ज कुठल्या कोपऱ्यात पडलाय देव जाणे. झुंबरबाईंना हे सांगितलं तर त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "शिकलेली हायेस न् तू?" मला कळलं नाही त्यात हसण्यासारखं काय होतं. म्हातारपण.

२९ एप्रिल

आज ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा वेशीत येऊन पडली होती. वर्ग सुटायला आला होता. अंबडच्या बाजूनं देशमुख चालत आले, एकटेच. त्यांची दमणी मधेच मोडली म्हणे, गडी बैलांपाशी थांबलेला. धोतर धुळीनं लाल, डोक्यावरचा रुमाल घामानं चिकटलेला. वेशीच्या सावलीत आले आणि भिंतीला हात टेकून उभे राहिले. तोंड पांढरं पडलं होतं.

बायकांनी पदर पुढं ओढले, पण कुणी उठलं नाही. झुंबरबाई तर हलल्यासुद्धा नाहीत.

देशमुख म्हणाले, "जरा टेकू का? चक्कर आल्यासारखं व्हून राह्यलं."

मी काय बोलणार आहे ते मला माहीत नव्हतं. हे मी शपथेवर लिहिते. मनात गेले दोन महिने मी या माणसाला काय काय बोलले होते. त्यातलं काहीच आलं नाही.

मी म्हणाले, "बसा की. पण पायातलं काढून बसा. पोरी शिकून राह्यल्यात."

सगळी वेस ऐकत होती. ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, हा माणूस आता उन्हात जाईल आणि वाटेत पडेल, आणि ते माझ्या माथी येईल, तरी मी शब्द मागं घेतला नाही. मग ते वाकले. भिंतीचा हात सुटला तसा तोल गेला. सोनू उठली आणि तिनं त्यांचा दंड धरला. एक जोडा निघाला, दुसरा घामानं चिकटला होता, तो निघेना. सोनूच खाली बसली आणि तिनं ओढून काढला. दोन्ही जोडे तिनं भिंतीशी नीट लावून ठेवले.

मुलींनी सरकून जागा केली. ते ओट्याच्या टोकाला बसले, पाटी घेतलेल्या मुलींच्या रांगेत. झुंबरबाईंनी कळशी पुढं केली. ओंजळीनं पाणी प्यायले.

मी फळ्याकडे वळले. मला नाचावंसं वाटायला हवं होतं. उलट इतका राग आला की खडू मोडला. एवढंच होतं तर. वाकायला एवढाच वेळ लागतो. मग इतकी वर्षं, इतक्या बायका, कशासाठी?

मागून सोनू म्हणाली, "बाई, पुढचं."

मी मोडका खडू घेऊन पुढचं लिहिलं.